हात वर न केलेली मुलगी

शनिवारी आमची शाळा सकाळची असते आणि साडेअकराला सुटते. म्हणूनच वरचं पत्र बरोबर सव्वाअकराला येतं. वरचं म्हणजे नेमकं कुठलं, हे सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी कधी विचारलं नाही. आमच्या स्टाफरूममध्ये कोणी 'वरून आलंय' म्हणून बोट छताकडे केलं की पुढचं सगळ्यांना कळतं आणि प्रत्येकाला अचानक घरी महत्त्वाचं काम आठवतं.

त्या शनिवारी व्हॉट्सॲपवर आलेलं पत्र तीन पानी होतं. गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांची फार टंचाई झाली आहे, सबब मुलांनी मोठेपणी या विषयांचे शिक्षक व्हावं म्हणून प्रत्येक माध्यमिक शाळेने प्रेरणा कार्यक्रम घ्यावा. विद्यार्थ्यांकडून शिक्षक होण्याचा संकल्प करून घ्यावा. हात उंचावून संकल्प करतानाचा, ठिकाण आणि वेळ छापून येईल असा फोटो सोमवारी सायंकाळी पाचच्या आत लिंकवर चढवावा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, शंभर टक्के सहभाग अपेक्षित.

आमच्या मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणतात. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बरं झालं," मी म्हणालो, "टंचाई आहे हे त्यांना कळलं तरी."

कारण आमच्याच शाळेत विज्ञानाची जागा चार वर्षांपासून रिकामी होती. अगदीच रिकामी होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. वेळापत्रकात विज्ञानाचा तास होता. निकालपत्रकात विज्ञानाचे गुण होते. प्रयोगशाळासुद्धा होती आणि तिला कुलूप होतं, कारण आत दुपारच्या खिचडीच्या तांदळाची पोती रचलेली असत. फक्त शिकवणारा माणूस तेवढा नव्हता. दहावीचं विज्ञान मी गणिताबरोबर ओढत होतो, म्हणजे गाइड उघडून वाचून दाखवत होतो. आठवी-नववीच्या नशिबी तेही नव्हतं. रिकाम्या जागेची माहिती आम्ही दर महिन्याला वर पाठवत असू आणि दर महिन्याला वरून निरोप येई, माहिती ठरलेल्या नमुन्यात नाही.

"तुम्हीच बोला सोमवारी," मोठे सर म्हणाले. "गणिताचे तुम्ही एकटेच उरले. तुमचं पाहून पोरांना वाटलं पाहिजे, आपणही असं व्हावं."

माझं पाहून! मी आरशात पाहिलं असतं तर मलाच हसू आलं असतं. तंबाखूने रंगलेले दोन दात, खिशाला लाल पेनाचा डाग, आणि मेहकरहून रोज जुन्या मोटरसायकलवर येऊन जाऊन कायमची वाकलेली पाठ.

खरं सांगायचं तर मी शिक्षक कसा झालो, ही गोष्ट कुठल्याही प्रेरणा कार्यक्रमात सांगण्यासारखी नाही. मी मूळचा वडनेर भोलजीचा. इंजिनिअरिंगला थोडक्यात नंबर हुकला, म्हणून खामगावला बी.एस्सी. केली. पुढे काय, ते ठाऊक नव्हतं. एक मित्र बी.एड.चा फॉर्म आणायला निघाला होता, त्याने माझ्यासाठीही एक आणला. त्याचा नंबर लागला नाही, माझा लागला. तो आज नांदुऱ्यात कापडाचं मोठं दुकान चालवतो आणि भेटला की 'तुमचं बरं आहे' म्हणतो. लग्नाच्या वेळी मात्र माझा भाव वधारलेला होता. सासऱ्यांनी मला पाहायला येऊन एकच प्रश्न विचारला होता, "पर्मनंट हाय ना?" मी हो म्हणालो. चेहरा त्यांनी नंतर पाहिला. आता तेच सासरे नातीसाठी स्थळं पाहतात आणि मुलगा शिक्षक आहे म्हटलं की चहा निवायच्या आत उठतात.

पत्रासोबत नमुना भाषण जोडलेलं होतं. दीड पानाचं. शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार, ज्ञानाचा दीप, समाजाचा कणा वगैरे. एकाच माणसाने इतकं सगळं व्हायचं म्हणजे सुटीच्या दिवशीही यावं लागणार. सोमवारी मैदानात आठवी ते दहावीची मुलं बसवली. प्रास्ताविक मोठ्या सरांनी केलं. तेही पत्रातलंच होतं. त्यांनी चष्मा नीट लावून खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आज, येथे शाळेचे नाव घालावे, या शाळेत उपस्थित असलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो." एकही मूल हसलं नाही. वरून आलेलं जसंच्या तसं वाचायचं असतं, हे आमच्या मुलांना आठवीतच कळलेलं असतं.

मी भाषण केलं. पंधरा मिनिटं केलं. गणिताने देश कसा पुढे जातो ते सांगितलं. एका मुलाची चप्पल तुटली होती, ती तो तेवढ्या वेळात दुरुस्त करू शकला. शेवटी मी विचारलं, कोणाला काही शंका? हे विचारायचं नसतं, पण नमुन्यात लिहिलेलं होतं.

नववीतला एक जण उठला. "सर, माह्या चुलतभावानं डी.एड. केलं, बी.एड. केलं, टीईटी बी निघाली त्याची. दुसरबीडले रोडवर रसवंती चालवून राह्यला तो. त्याचा नंबर कधी लागन?"

"छान प्रश्न आहे," मी म्हणालो. "बस खाली."

मग तो क्षण आला. आमचे चित्रकलेचे सर मोबाईल घेऊन स्टुलावर चढले होते, कारण शाळेत सगळ्यांत चांगला कॅमेरा त्यांच्याकडे. मी सदरा खाली ओढला, केसांवरून हात फिरवला आणि त्यांच्या मोबाईलकडे पाहत मोठ्याने म्हणालो, "ज्यांना गणिताचा किंवा विज्ञानाचा शिक्षक व्हायचं आहे, त्यांनी हात वर करा!"

चित्रकलेच्या सरांनी मोबाईलच्या मागून मान हलवली. म्हणजे नाही.

"कोणीच नाही?" मी म्हणालो, आणि मुलं खो-खो हसली.

मोठ्या सरांच्या कपाळावर जानेवारीत घाम आला. पाचपर्यंत फोटो चढवायचा होता. शंभर टक्के सोडा, इथे हात मोजायला सुरुवातसुद्धा होत नव्हती. पण चित्रकलेचे सर सामूहिक फोटो काढण्यात मुरलेले. स्वच्छतेची शपथ, व्यसनमुक्तीची शपथ, मतदार जागृती, सगळं त्यांच्याच मोबाईलने पार पडलं होतं. ते स्टुलावरूनच ओरडले, "गप बसा बे! हात खाली ठेवा. आता मी विचारतो. उद्या कोनाकोनाले सुटी पाह्यजे?"

असे हात मी जन्मात पाहिले नाहीत. काही जणांनी दोन-दोन वर केले. मागची मुलं गुडघ्यांवर उभी राहिली. चेहऱ्यांवर असा काही उत्साह होता की तो फोटो पाहून कोणालाही वाटावं, मेहकर तालुक्यात दहा वर्षांनी घरटी एक गणिताचा मास्तर निघणार आहे. क्लिक. फोटो चार वाजता लिंकवर चढला. खाली मोठ्या सरांनी लिहिलं, सर्व विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्तपणे संकल्प केला.

शाळा सुटताना मुलांनी त्यांना गराडा घातला. "सर, उद्याची सुटी?"

"तो संकल्प होता," मोठे सर म्हणाले. "संकल्प केला म्हणजे लगेच मिळते का?"

प्रकरण इथेच संपायचं. पण दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, प्रार्थना चालू असतानाच वरून फोन आला. फोटो तिथे कोणीतरी बोटांनी मोठा करून पाहिला होता. सव्वीस वर्षांत आम्ही पाठवलेला एकही कागद कोणी इतक्या बारकाईने पाहिल्याचं मला आठवत नाही. तिसऱ्या ओळीत डावीकडून पाचव्या विद्यार्थिनीचे दोन्ही हात मांडीवर आहेत. मग शंभर टक्के कसे? सदर विद्यार्थिनीचं समुपदेशन करून खुलासा सादर करावा.

मोठ्या सरांनी फोटो उघडून मला दाखवला. खरंच. हातांच्या त्या जंगलात एक मुलगी शांत बसली होती, बसची वाट पाहत बसल्यासारखी.

मी तिला ओळखलं. दहावीतली. बस स्टँडजवळच्या कृषी केंद्रवाल्याची मुलगी. बोलायची कमी. माझ्या वर्गात ती एकच अशी होती जी गणित माझ्यापेक्षा वेगळ्या रीतीने सोडवायची, आणि उत्तर बरोबर यायचं. सहामाहीत मी तिच्या पेपरवर लाल पेनाने लिहिलं होतं, 'पुस्तकातल्या रीतीने सोडवावे.' तिची रीत पुस्तकातल्या रीतीपेक्षा चांगली होती हे मला तेव्हाही कळलं होतं. पण तसं लिहायला जागा कुठे असते?

मधल्या सुटीत तिला स्टाफरूमबाहेर बोलावलं आणि समुपदेशनाला सुरुवात केली. "काऊन बाई? सगळ्यांनी हात वर केले, तू काऊन नाही केला?"

"मले सुटी नव्हती पाहिजे, सर."

शिक्षकांच्या तोंडूनही मी हे वाक्य ऐकलेलं नाही.

"काऊन?"

"आज आठवीले हळदीचा प्रयोग दाखवाचा आहे. लेकरायले सांगून ठेवलं, घरून लिंबू आणा म्हणून. सुटी झाली असती तं सगळं तसंच राह्यलं असतं."

"आठवीला? तू?"

तिला वाटलं मी रागावलो. "तुम्हीच तं पाठवलं होतं, सर. वर्ग सांभाळ म्हणून."

पाठवलं होतं खरं. आठवीचा विज्ञानाचा तास आणि दहावीचा खेळाचा तास एकाच वेळी येतो. आठवीचा वर्ग स्टाफरूमला लागून आहे. शिक्षक नसलेला वर्ग जेवढा आवाज करू शकतो, तेवढा तो करायचा आणि आमचा चहा कडू व्हायचा. म्हणून जूनमध्ये मीच तिला म्हणालो होतो, जा, त्या पोरांना गप्प बसव. आणि ती गेल्यावर आवाज खरंच बंद झाला. मी शेजारच्या खोलीत सात महिने चहा पीत होतो आणि भिंतीपलीकडे एवढी शांतता कशी, हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. गणिताच्या माणसाला पडायला हवा होता.

त्या दिवशी चहा सोडून आठवीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. दार अर्धं लोटलेलं होतं. तिने टेबलावर स्टीलच्या तीन वाट्या मांडल्या होत्या. वह्यांच्या कोऱ्या पानांच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवून आणल्या होत्या. पुढच्या बाकावरच्या एका मुलीला तिने बोलावलं, पट्टी हातात दिली आणि साबणाच्या पाण्यात बुडवायला लावली. पिवळी पट्टी लालभडक झाली. सगळा वर्ग बाकांवर चढला. मग तिने त्याच पट्टीवर लिंबू पिळायला लावलं आणि पट्टी पुन्हा पिवळी झाली.

"आता सांगा," ती म्हणाली, "माय कपडे धुते तव्हा हळदीचा डाग लाल काऊन होते?"

गलका झाला. कोणी म्हणालं साबणाने जळते म्हणून, कोणी म्हणालं हळदीत कुंकू असते म्हणून. तिने कोणालाही खाली बस म्हटलं नाही. फळ्यावर तिने दोन रकाने पाडले, एकात लिंबू लिहिलं, एकात साबण, आणि घरातली आणखी कोणती वस्तू कुठल्या रकान्यात जाईल ते मुलं ओरडून सांगू लागली. चिंच, खायचा सोडा, ताक. ताकावरून दोन मुलांचं भांडण झालं. तेव्हा ती म्हणाली, "भांडता कायले? उद्या ताक आणा, पट्टी बुडवून पाहू."

मागून एका मुलाने विचारलं, "पण ताई, मुळात लालच काऊन होते? निळी काऊन नाही?"

"थे मले नाही माहीत," ती म्हणाली. "पाहून सांगते."

आणि तिने ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. लालच का? त्या कोपऱ्यात आधीचेही चार-पाच प्रश्न होते, त्यांपैकी काहींवर रेघ मारलेली. सव्वीस वर्षं झाली, वर्गात मी 'मला माहीत नाही' हे शब्द उच्चारलेले नाहीत. माहीत नसलेल्या सगळ्या गोष्टींना मी 'छान प्रश्न आहे, बस खाली' असंच म्हणत आलो. दाराबाहेर उभं राहून मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

तास संपल्यावर तिला व्हरांड्यात गाठलं. "तुला शिक्षक व्हायचं आहे का?"

"हाव, सर."

"मग काल हात का नाही केला वर? मी विचारलं होतं की!"

"केला होता सर," ती खाली पाहत म्हणाली. "तुम्ही पह्यल्यांदा विचारलं तव्हा केला होता. तुम्ही मोबाईलकडे पाहून राह्यले होते. मंग तुम्ही म्हणले 'कोणीच नाही', अन् सगळे हासले. मंग मी खाली केला."

गेल्या कित्येक वर्षांत शाळेत वर झालेला एक खरा हात, आणि त्या वेळी मी केस नीट करून मोबाईलकडे पाहत होतो.

हे सगळं मी मोठ्या सरांना सांगितलं. मला वाटलं, खुलाशात हेच लिहावं. ते बिचारे मनापासून ऐकत होते. मग म्हणाले, "सर, हे सगळं खरं आहे. पण खरं लिहिलं तर त्याला आणखी खुलासे लागतात. आठवीला विद्यार्थिनी का शिकवत होती, सुटीचं कोणी विचारलं, सगळंच निघेल." आणि त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, सदर विद्यार्थिनीचा उजवा खांदा दुखत असल्याने ती हात वर करू शकली नाही, तथापि मनाने ती संकल्पात सहभागी होती. खुलासा मान्य झाला. टक्केवारी पूर्ण झाली.

दहावीचा निकाल लागला. गणितात ती तालुक्यात पुढे होती. निकालाच्या संध्याकाळी तिचे वडील पेढे घेऊन मेहकरला माझ्या घरी आले, ती मागे उभी होती. वडील सरळ माणूस. दुकानात बियाणं विकताना उगवणार नाही ते उगवणार नाही म्हणून सांगतात, असं त्यांच्याबद्दल लोक म्हणतात.

"सर, तुमचे उपकार," ते म्हणाले. "आता एक काम करा. तिच्या डोक्यातलं खूळ काढा. मास्तरीन होतो म्हणते. मी अकोल्याले डॉक्टरकीच्या क्लासले नाव टाकाचं म्हणून राह्यलो, अन् हे म्हणते मेहकरातच शिकतो, बी.एस्सी. करतो, बी.एड. करतो. एवढे मार्क पडले, काय मास्तर व्हाले पडले का?"

मी घसा खाकरला. जानेवारीतलं दीड पान मला पाठ होतं. राष्ट्राचा शिल्पकार सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "तुमचा पोरगा काय करते, सर?"

"पुण्याला असतो. कॉम्प्युटरमध्ये."

"त्याले नाही केलं मास्तर?"

त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. खरोखरच माहिती हवी होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर माझा मुलगा उभा राहिला, नववीतला. बाबा, मी तुमच्यासारखं गणित शिकवीन, असं तो एकदा जेवताना म्हणाला होता. मी भाकरीचा तुकडा हातात धरून इतका हसलो होतो की त्याने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. हसताना मी म्हणालो होतो, एक बळी पुरे आहे घरात.

ती माझ्याकडे पाहत होती. एवढा एक माणूस तिच्या बाजूने बोलेल, अशा खात्रीने पाहत होती.

"बाबा म्हणतात ते तुझ्या भल्याचंच आहे," मी म्हणालो. "दोन वर्षं क्लास कर. मग पाहू."

"हो, सर," ती म्हणाली. पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला, माझ्या पाया पडली आणि अकोल्याला गेली.

पुढच्या जानेवारीत, शनिवारी सव्वाअकराला, पत्र पुन्हा आलं. या वेळी चार पानी. जागा रिकामीच होती. सोमवारी मुलं पुन्हा मैदानात बसली, चित्रकलेचे सर पुन्हा स्टुलावर चढले, मोठ्या सरांनी या वेळी शाळेचं नाव आठवणीने घातलं. मी मात्र नमुना घरी ठेवून गेलो होतो. दोनच वाक्यं बोललो. मग मोबाईलकडे पाठ केली आणि विचारलं, शिक्षक कोणाला व्हायचं आहे? आणि एकेका ओळीवरून, एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत उभा राहिलो.

आधी एक हात वर झाला. मग आणखी एक. मग एकदम चार-पाच. मी मोजले, सात. सातही नववीचे. म्हणजे गेल्या वर्षीची आठवी. निळ्या रंगाचं विचारणारा तो मुलगाही त्यांत होता. मी त्याला विचारलं, "काऊन रे?"

"ताई शिकवत होती तसं शिकवाचं, सर," तो म्हणाला.

चित्रकलेच्या सरांनी फोटो काढला, पण त्यांचा चेहरा पडला होता. "सात हातांनी काय होते?" ते मला हळूच म्हणाले आणि मुलांकडे वळून ओरडले, "उद्या कोनाले सुटी पाह्यजे?" लिंकवर हा दुसरा, सुटीचा फोटो गेला. शंभर टक्के झाले. सात हातांचा फोटो मी माझ्या मोबाईलवर मागून घेतला.

शाळा सुटल्यावर मोटरसायकल थेट कृषी केंद्रासमोर उभी केली. गिऱ्हाईक नव्हतं. मी मोबाईल तिच्या वडिलांपुढे धरला. हे सात जण कोण, ते शिक्षक व्हायचं का म्हणतात, सगळं सांगितलं. आठवीचं, हळदीचं, वर झालेल्या आणि मला न दिसलेल्या हाताचं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुलगी शाळेत सात महिने एक वर्ग शिकवत होती, हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं आणि तिनेही नाही.

"तुम्ही मागच्या वर्षी माझ्या पोराचं विचारलं होतं," मी म्हणालो. "त्याला व्हायचं होतं. मी होऊ दिलं नाही. माझं चुकलं. आणि त्या दिवशी तुमच्या पोरीच्या बाबतीत मी दुसऱ्यांदा चुकलो."

ते बराच वेळ फोटो पाहत होते. बोटांनी मोठा करून, एकेक हात पाहत होते. "नोकरी नाही लागली तं?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत," मी म्हणालो. मला त्याचं उत्तर खरंच माहीत नव्हतं आणि या वेळी मी शिल्पकार वगैरे मध्ये आणला नाही.

त्यांनी मोबाईल परत दिला नाही. स्वतःच्या फोनवरून तिला फोन लावला. "सर आले हाय दुकानात," ते म्हणाले. "पाह्य, बारावी होऊ दे. त्याच्यानंतर तुले जे कराचं थे कर. मी नाही म्हणत नाही. घे, सरसंग बोल."

मी फोन कानाला लावला. मनात एक लांबलचक माफी तयार होती. तिला एव्हाना कळलं असावं की काय झालं. पण तिने माफी मागायला वेळच दिला नाही.

"सर," ती म्हणाली, "आता आठवीले विज्ञान कोण शिकवते?"

कोणीच शिकवत नव्हतं. ती गेल्यापासून त्या तासाला आवाज पुन्हा सुरू झाला होता, आणि मी काय केलं होतं? स्टाफरूमचं दार लावून घ्यायला लागलो होतो.

"मी," मी म्हणालो.

ते त्या क्षणी साफ खोटं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातून हळदीची पुडी, तीन वाट्या आणि एक लिंबू पिशवीत घातलं. बायको म्हणाली, शाळेत आज काय पूजा आहे का? दुपारी चहाच्या वेळेला आठवीच्या वर्गात गेलो. आधी कोणाचाच विश्वास बसेना. मग पट्टी लाल झाली आणि सगळे बाकांवर चढले. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, लालच काऊन झाली?"

"मला नाही माहीत," मी म्हणालो, आणि फळ्याच्या कोपऱ्यात ते लिहून घेतलं. "पाहून सांगतो."